म्बोक तुमिराचा कोरडा हात

आमच्या सासूबाई पाऊस अडवायच्या. हे मी सून असून सांगते आहे, तेव्हा खरं मानायला हरकत नाही. कुठलीही सून सासूची फुकट स्तुती करत नाही, आणि मी तर मुळीच नाही.

जावातल्या मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याला आमची वाडी. ढग डोंगराच्या खांद्यावर बसूनच असतात, खाली मांडव दिसला की उतरतात. त्यामुळे कुणाचं लग्न ठरलं की वधूचा बाप आधी आमच्या ओट्यावर यायचा. "म्बोक, अमक्या दिवशी मोकळ्या आहात ना?" म्बोक म्हणजे आई. तुमिरा हे तिचं नाव, पण साऱ्या वाडीची ती म्बोकच. ती तोंडातलं पान या गालातून त्या गालात न्यायची, मेरापीकडे बघायची आणि अशी मान हलवायची, जणू वर बोलणं होऊन गेलंय.

तिची रीत साधी होती. मांडवाचा पहिला बांबू रोवल्यापासून शेवटचा पाहुणा जाईपर्यंत तिनं पाण्याला शिवायचं नाही. अंघोळ नाही, तोंड धुणं नाही, हात धुणं नाही. तहान लागली तर ऊस चघळायचा. परसाकडे लागली तर केळीच्या बागेत जायचं आणि पानांवर भागवायचं. वाडीच्या इमामांनी एकदा दबकत विचारलं, "म्बोक, मग नमाजाआधी हातपाय धुऊन वजू कसं करता?" म्बोक म्हणाली, "तुमच्या मुलीच्या लग्नात चिखल हवाय का?" इमामांनी पुन्हा विषय काढला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण म्बोकच्या हाताला चव होती. उराप कालवावं तर तिनंच. उकडलेली पालेभाजी, चवळीच्या शेंगा, मोड आलेले मूग, आणि त्यात मिरची आणि कचोऱ्याच्या उग्र वासाच्या कंदाचं वाटण लावलेलं ओलं खोबरं. एवढी मोठी परात, आणि म्बोक तिच्यात कोपरापर्यंत बुडालेली. "डावानं कालवलं की भाजी आणि खोबरं नुसतं शेजारी बसतं," ती म्हणायची, "हातानं कालवलं की संसार करतं." मग ते उराप सकाळपासून दुपारपर्यंत मांडवाच्या उकाड्यात पाहुण्यांची वाट बघत बसायचं.

म्हणजे पाहा. दोन दिवस पाण्याला न शिवलेला हात, केळीच्या बागेतून आलेला हात आणि खोबऱ्यातला हात. हे सगळे हात एकाच बाईचे आहेत, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही. आता आठवलं की मला हसू आवरत नाही.

लग्न कोरडं पार पडायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीला पळता भुई थोडी व्हायची! तेव्हा घरोघरी संडास नव्हते, सगळा कारभार नदीकाठी. नवरदेवाचा काका, शाळेचे हेडमास्तर, बँडवाले, सगळे सारोंग, म्हणजे आमची लुंगी, आवळून एकाच पायवाटेनं धावत. जाताना नमस्कार नाही, चमत्कार नाही. येताना मात्र सावकाश, एकमेकांची चौकशी करत. "तुमचं कितव्यांदा?" "मोजणं सोडलं हो." "आमच्या व्याह्यांचं तर अजून सुरूच आहे, भाग्यवान माणूस!"

भाग्यवान का, तर त्यामागं शास्त्र होतं. आमच्या वाडीचे प्रमुख पाक कासिरान यांनी ते मांडलं होतं. वाडीतला एकमेव टीव्ही त्यांच्या घरी, त्यामुळे शास्त्रही त्यांच्याच घरचं. "म्बोकनं ढगातलं पाणी अडवलं," ते बोट वर करून सांगत, "मग ते जाणार कुठं? कुठंतरी उतरायलाच हवं ना? मांडवात उतरलं नाही, म्हणून मांडवातल्या माणसांत उतरलं." पाणी आत आलं होतं, बाहेर जात होतं, हिशेब चोख होता. पुढं पुढं तर जुलाब ही म्बोकच्या सामर्थ्याची खूणच झाली. एका लग्नानंतर कुणालाच काही झालं नाही, तर वधूचा बाप तोंड पाडून आमच्याकडे आला. "म्बोक, आमच्या वेळी तुम्ही मन लावून केलं नाहीत वाटतं."

मीही हसायचे. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी नऊवारी लांबीचा बातिक गुंडाळून नदीकडे धावले होते, आणि सासर किती नावाजलेलं आहे याचा मला अभिमान वाटला होता.

मग गेंदिस झाली. माझी मुलगी. नावाचा अर्थ साखर, आणि स्वभाव मिरचीचा. तिला आजीच्या हातचा घास हवा, दुसरा कुणाचा नको. चमचा दिसला की दातखिळी बसायची. मी भरवायला गेले तर ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी भांडीवाली आहे. म्बोक भाताचा चिमुकला मुटका करायची, तोंडानं कोंबडीसारखा आवाज काढायची आणि गेंदिसचं तोंड आपोआप उघडायचं. मला त्याचा हेवा वाटायचा, हे लपवत नाही.

पाक कासिरान यांच्या पुतण्याच्या लग्नात म्बोकनं उराप कालवलं आणि परातीशेजारीच बसून गेंदिसला दोन घास भरवले. दुसऱ्या दिवशी वाडी नदीकडे धावली, आणि गेंदिसला धावता येत नव्हतं. दुपारपर्यंत ती रडायचीही थांबली. डोळे खोल गेले. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. नवऱ्यानं, नगादियोनं, सायकल काढली आणि मी तिला उराशी धरून मागं बसले. वाटेत पाक कासिरान झुडुपामागून ओरडले, "घाबरू नका, पाऊस आहे, उतरून जाईल!" त्यांना मी काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तिउर होती. पलीकडच्या बेटावरची, मेदानकडची, बातक जमातीची बाई. आमच्या जावाच्या माणसाला 'आत या' म्हणायलासुद्धा चार वाक्यं लागतात. ती बाई सगळं एका शब्दात उरकायची. "झोपवा." "धरा." "पाजा." एका हाताला सलाइन लावलं आणि माझ्या हातात जलसंजीवनीची वाटी नि चमचा दिला. चमचा पाहून गेंदिसनं दातखिळी बसवली नाही, तेवढीही ताकद तिच्यात नव्हती. मी थेंबथेंब पाजत राहिले. संध्याकाळी ती एकदाची भोकाड पसरून रडली आणि गालावरून पाणी ओघळलं. डॉक्टर वाकून बघत म्हणाली, "अश्रू आले. आता रडू दे खुशाल." मग मीही रडले, मला कुणी थांबवलं नाही.

म्बोक दाराबाहेर उकिडवी बसली होती. आत येऊन तिनं गेंदिसच्या कपाळाला लावायला हात पुढं केला. मला काय झालं कोण जाणे, कदाचित कळलं होतं, कदाचित नुसती भीती होती. मी तो हात बाजूला केला. "हा हात माझ्या मुलीच्या तोंडाला पुन्हा लावायचा नाही, म्बोक." सासूला असं बोलण्याची आमच्यात रीत नाही. म्बोकनं हात मागं घेतला आणि आपल्या सारोंगला पुसला.

"आणखी कोण आजारी आहे?" डॉक्टरनं विचारलं.

"सगळी वाडी!" नगादियो छाती फुगवून म्हणाला. "आईनं पाऊस अडवला होता ना."

डॉक्टरनं सगळं विचारून घेतलं, ऊस, केळीची बाग, खोबरं, सगळं. आणि फर्मान काढलं: स्वयंपाकात हात घातलेल्या प्रत्येक बाईनं उद्या शौचाचा नमुना आणून द्यावा.

इथं मी थोडी थांबते, कारण पुढचं सांगताना मला ठसका लागतो. बाकीच्या बायकांनी काडेपेटीत आणलं. पण म्बोक मानी बाई. सरकारनं मागितलं आणि काडेपेटीत द्यायचं? तिनं केळीचं पान शेकून मऊ केलं, चौकोनी पुडी बांधली, दोन्ही टोकांना बांबूच्या काड्या टोचल्या. थेट आमच्याकडे वाफवलेली मासळी बांधतात तशी. दवाखान्याच्या बाकावर ती पुडी ठेवून म्बोक ओळखीच्या बाईशी बोलायला गेली. बाकावर पाक कासिरान बसले होते, कालपासून पोट रिकामं.

"म्बोकनं आणलीय?" ते म्हणाले, आणि एक काडी काढलीसुद्धा.

मी किंचाळले. डॉक्टर धावत आली. दुसरी काडी निघता निघता राहिली, आणि पाक कासिरान यांनी त्यानंतर पानातली मासळी कधी खाल्ली नाही.

नमुने शहरात गेले, उत्तर यायला दिवस लागले. उत्तर घेऊन डॉक्टर स्वतः आमच्या ओट्यावर आली. गेंदिसच्या पोटात सापडलेला जंतू म्बोकच्या पोटातही होता, तोच, त्याच जातीचा.

म्बोक पान लावत होती. "एवढासा जीव," ती म्हणाली, "पोटात एवढं वाहतं, वाहून कसा जात नाही?"

"चांगला प्रश्न," डॉक्टर म्हणाली. तिच्या तोंडून कुणाचं कौतुक आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. "शेताच्या बांधावरून आलात की सारोंगला काय चिकटतं?"

"कुसळं."

"झटकली तर?"

"जात नाहीत मेली. एकेक वेचावी लागतात."

"याच्याही अंगाला तशी कुसळं असतात, डोळ्यांना न दिसणारी. आतड्याच्या भिंतीला ती धरून बसतात. ज्याला धरता येत नाही तो वाहून जातो, याला येतं. एकदा पाय रोवले की तिथंच पोरंबाळं. मग तो विष सोडतो. ते विष आतड्याला भोक पाडत नाही, ते फक्त भिंतीतल्या पेशींना सांगतं, पाणी सोडा. तुमच्या शेताचं पाणी कुणी शत्रूनं येऊन सोडून दिलं तर?"

"वरच्या खाचरापासून खालच्यापर्यंत सगळं एका दमात ओढ्याला जाईल," म्बोक म्हणाली.

"तसंच अंगातलं पाणी जातं. आणि त्या पाण्याबरोबर तोही बाहेर पडतो, लाखांनी. नदीत, हातावर, हातावरून खोबऱ्यात. ओलं खोबरं, उकाडा, अर्धा दिवस. त्याला सासुरवाडीसुद्धा इतकी मानवत नसेल. तिथून पुढच्या पोटात. जुलाब हा त्याचा प्रवासखर्च आहे, म्बोक, आणि तो तुम्ही भरता."

"मग मला कसं काही झालं नाही?"

"तुमचं आतडं आणि तो जुने शेजारी झालेत. प्रेम नाही, भांडणही नाही. पण पोरीचं आतडं नवं आहे. मोठ्या माणसाच्या अंगातलं असं पाणी गेलं तर एक दिवसाची पळापळ. तिच्या अंगात पाणी असतं किती?"

म्बोकनं लावलेलं पान खाली ठेवलं. "आणि पाऊस?"

"पावसाचं मला माहीत नाही. मी पोटाची डॉक्टर आहे. साबण लावा, एवढंच सांगते."

त्या दिवसापासून डॉक्टर अक्षरशः हात धुवून आमच्या वाडीच्या मागं लागली. बायका धुवायला लागल्या. म्बोक एरवी धुवायची, पण मांडवातलं व्रत सोडते असं काही म्हणेना. जेवायच्या वेळी गेंदिस तिच्यापुढं जाऊन तोंड उघडायची. म्बोक दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची आणि माझ्याकडे बघायची. मी चमचा पुढं करायचे. गेंदिसचं तोंड मिटायचं. असे आम्ही तिघीजणी रोज बसायचो, आणि पोरगी चिमणीएवढी व्हायला लागली होती. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण ती उभी राहिलेली कातडी डोळ्यांपुढून जात नव्हती.

अशात माझ्या नणंदेचं, पूर्वातीचं, लग्न ठरलं. भर पावसाळ्यात. मुलाकडचे सोलो शहरातले, नाजूक माणसं, चप्पल काढतानासुद्धा रुमाल अंथरणारी. पूर्वाती म्हणाली, "म्बोक, दुनियेची लग्नं कोरडी केलीस. माझ्यात थेंब पडला तर मी तुझं तोंड बघणार नाही." पाक कासिरान यांनी तोडगा काढला, "व्रत म्बोकनं करावं, कालवावं दुसऱ्या कुणी."

"माझ्या मुलीच्या लग्नात उराप दुसरी कालवणार?" म्बोक उसळली. "मग लग्न तरी माझ्या मुलीचंच कशाला करता?"

मी तिला माजघरात गाठलं. "म्बोक, पाऊस अडवणारा हात हवा तर तो ठेवा. गेंदिसला भरवणारा हवा तर तो ठेवा. दोन्ही एकाच हातात मावत नाहीत."

"फार बोलतेस तू," ती म्हणाली. "माहेरी कुणी ओरडलं नाही का?"

मांडवाचा बांबू रोवला आणि म्बोकनं ऊस सोलायला घेतला. मी काय समजायचं ते समजले. रागानं मी इतके कांदे चिरले की मांडवातला प्रत्येक माणूस रडत होता.

लग्नाच्या सकाळी मेरापी दिसतच नव्हता. काळं, नुसतं काळं. सोलोचे पाहुणे आले, वाजंत्री बसली, पूर्वातीच्या अंबाड्यात मोगऱ्याच्या माळा माळून झाल्या. परातीत भाजी पडली, वर खोबरं पडलं. म्बोक परातीपाशी येऊन बसली. तेवढ्यात गेंदिस बायकांच्या पायांतून वाट काढत आली आणि परातीपलीकडे बसून तिनं तोंड उघडलं. चोच उघडावी तसं, डोळे मिटून.

म्बोक तिच्याकडे बघत राहिली. मग उठली. दाराशी पाण्याचा मोठा रांजण असतो, बुडाशी छिद्र आणि छिद्रात लाकडी गुडदी. म्बोक सरळ तिथं गेली आणि तिनं गुडदी उपटली.

पाण्याची धार तिच्या हातांवर पडली आणि सगळं स्वयंपाकघर किंचाळलं. "म्बोक! पाऊस!"

"साबण कुठंय?" म्बोक म्हणाली.

"म्बोक, सोलोचे पाहुणे बसलेत!"

"त्यांच्यासाठीच धुतेय. साबण!"

साबण मीच दिला. तिनं बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, कोपरापर्यंत चोळलं, एकेक कुसळ वेचल्यासारखं. पूर्वाती मांडवातून ओरडली, "म्बोक, तू माझी आई आहेस का वैरीण?" आणि वर कडाडलं.

मग पुरुषांनी सूत्रं हातात घेतली. आमच्याकडे शेवटचा उपाय म्हणजे अंगातली चड्डी छपरावर फेकणं. ढग लाजून परत जातात म्हणे. पाक कासिरान यांनी वाडीचे प्रमुख या नात्यानं पुढाकार घेतला, झाडामागं गेले, आले, आणि पट्ट्यापट्ट्यांची एक चड्डी कौलांवर भिरकावली. ढग बघत राहिले, पण लाजले नाहीत. पाऊस असा कोसळला की मांडवाचं पोट फुगलं आणि दे माय धरणी ठाय म्हणत फुटलं. वाजंत्री भिजली, सोलोच्या पाहुण्यांचे रुमाल वाहून गेले, आणि ती पट्ट्यापट्ट्यांची चड्डी कौलांवरून घसरत आली ती थेट वाजंत्र्यांच्या मोठ्या घंटेवर. वाजवणारा मन लावून वाजवत होता, त्यानं तिच्यासकट ठोका दिला. धप्प. आधी नवरदेव हसला. मग पूर्वाती हसली, डोळ्यांतलं काजळ हनुवटीपर्यंत आलेलं. मग कुणालाच आवरेना. लोक केळीची पानं डोक्यावर धरून उराप खात होते, आणि पाणी पानांवरून मानेत जात होतं. एवढं हसणारं लग्न आमच्या वाडीनं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम नदीच्या वाटेकडे पाहिलं. एक म्हैस चालली होती, बाकी कुणी नाही. पाक कासिरान ओट्यावर आले, जरा नाराज. "रात्रभर वाट बघितली," ते म्हणाले, "काहीच नाही." मग त्यांनी विचार केला आणि बोट वर केलं. "बरोबरच आहे. या वेळी पाऊस जिथं पडायचा तिथंच पडला."

आत पानं मांडली होती. बाहेर अजून रिमझिम सुरू होती. गेंदिस आजीपुढं जाऊन बसली आणि तिनं तोंड उघडलं. म्बोकनं घास केला नाही. ती उठून रांजणाकडे गेली, हात धुऊन आली आणि आधी माझ्यापुढं बसली. दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले, आधी सुलटे, मग उलटे, शाळेतल्या पोरीसारखे. म्हातारे, ओले, नखं कापलेले हात. मी ते हातात घेतले. त्यांना साबणाचा वास येत होता आणि खालून अजून कचोऱ्याचाही. मी ताटातला भात तिच्या तळव्यावर ठेवला.

"चमचा नको ना?" म्बोकनं विचारलं.

"नको," मी म्हणाले. "भरवा लवकर, तोंड दुखेल तिचं."